पानाखालचे थेंब

१

मे महिन्यात मलकापुरात हंसराज जगवून दाखव, असं मला कुणी पैजेवर सांगितलं नव्हतं. ही अवदसा माझी मलाच आठवली.

माझं माहेर बुलढाण्याचं, म्हणजे घाटावरचं. तिथे आमच्या परसातल्या नळाखाली, शेवाळलेल्या दगडांच्या फटीत हा नेचा न लावता उगवायचा. काळ्याभोर केसांसारख्या काड्या आणि त्यांवर हिरव्या टिकल्यांसारखी नाजूक पानं. भांडी घासता घासता आई त्याच्यावर राखेचं पाणी उडवायची, तरी तो मजेत असायचा. लग्न होऊन घाट उतरले, तेव्हा एक गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि मग समजलं, की घाटाखाली आल्यावर माणूस निमूट राहतं, हंसराज राहत नाही.

एक दिवस पाणी चुकलं की त्याचा कागद होतो. जास्त झालं की कुजतो. ऊन लागलं तर करपतो, वारं लागलं तर सुकतो. नळाचं ताजं पाणी दिलं तर त्यातल्या औषधाने त्याची टोकं जळतात. लहान मूल परवडलं, ते निदान रडून सांगतं. कॉलेजात अकरावीच्या पोरांना मी नेच्याचं जीवनचक्र फळ्यावर काढून शिकवते. घरी आलं की नेचाच मला शिकवतो.

घरात आम्ही दोघीच. मी आणि माझ्या सासूबाई. गल्ली त्यांना सिंधूताई म्हणते, मी आई म्हणते. माझे यजमान चंद्रशेखर नोकरीनिमित्त जळगाव जामोदला असतात, शनिवारच्या बसने येतात आणि सोमवारच्या बसने जातात. घर माझ्या सासऱ्यांनी, कचरूबाबांनी, रेल्वेच्या नोकरीत बांधलेलं. पुढे आईंची खोली, मागे आमची आणि मध्ये एक अंधारी खोली. तिला खिडकी एकच, ती बोळात उघडते आणि त्या खिडकीत कूलर बसवलेला. बाकी कुठे ओल टिकत नाही म्हणून माझ्या कुंड्या त्या मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी, फळीवर ओळीने मांडलेल्या.

"ना फूल, ना फय, ना भाजी," आई म्हणायच्या. "कायले पोसून राह्यली वो हे?"

"हौसेला मोल नसते, आई."

"मोल नसते, पन पानी तं लागते!"

त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे नळ कधी येईल ते नळालाच माहीत. तो आला, की आई आधी भरून ठेवलेलं सगळं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायच्या. पाण्यासाठी जीव टाकायचा आणि आलं की जुनं गटारात. मी त्यावरून कितीदा डोकं फोडून घेतलं असेल. शेवटी तह झाला. शिळं पाणी माझ्या कुंड्यांना, ताजं घराला. हंसराजाला ठेवून निवलेलं पाणीच मानवतं, त्यामुळे माझंही काम झालं.

सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याची बाटली घेऊन मी एकेका कुंडीपुढे उभी राहायची. फुस, फुस. मोठी कुंडी, मग तिच्याशेजारची बुटकी, मग कान तुटलेली आणि शेवटी कोपऱ्यातली मरतुकडी. तिला एक फवारा जास्त.

हंसराजाच्या पानावर पाणी ठरत नाही. वरून फवारलं की थेंब मण्यासारखा बसतो आणि घरंगळून पडतो. एका सकाळी मी बाटली घेऊन गेले तर पानं आधीच ओली होती. वरची बाजू कोरडी ठणठणीत आणि थेंब सगळे खालून लोंबलेले, प्रत्येक पानाला एकेक.

कूलरची ओल असेल, असं म्हणून मी चहा ठेवायला गेले.

२

कूलर खडखडायला लागला म्हणून गणेशला फोन केला. गणेश म्हणजे आमच्या भागातला कूलर, पंखे, मिक्सर सगळं पाहणारा माणूस. "आलोच मॅडम" म्हणजे परवा, हा हिशोब मला पाठ आहे. तो परवाच आला, कूलरची मागची ताटी काढली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तो मोडला.

"मॅडम, याच्यात पानी कोन टाकते?"

"आई टाकतात."

"मी?" आई पुढच्या खोलीतून ओरडल्या. "मी कायले टाकू? मले वाटलं तूच टाकते!"

घ्या. दोन बायकांच्या घरात कूलर उपाशी. मला हसूही आलं आणि स्वतःचाच रागही आला.

"पंपाची मोटर तं कवाचीच जयाली," गणेश म्हणाला. त्याने ताटीतलं गवत चिमटीत धरलं, त्याचा भुगा झाला. टाकीच्या तळाशी वाळलेली पाल होती आणि कोळ्याचं जाळं. "या मोसमात याच्यात पानी पडलंच नाई. नुसता कोरडा पंखा फिरून राह्यला."

मी खोलीकडे पाहिलं. बाहेर डांबर वितळत होतं आणि या खोलीत मात्र दगडी पाटा धुऊन ठेवावा तसा गारवा. गणेशनेही हात हवेत फिरवला.

"पन खोली गार हाय हो. भिंतीत पानी मुरून राह्यलं काय?"

त्याने भिंतीला पंजा लावला, दुसऱ्या भिंतीला लावला. दोन्ही कोरड्या. मग त्याचं लक्ष कुंड्यांकडे गेलं. तो थोडं वाकला, एका पानाखाली बोट नेलं आणि ओलं झालेलं बोट पँटला पुसलं.

"नवाच घ्या आता," तो म्हणाला. चहा ठेवला होता, तो न घेताच निघाला. हा माणूस कधी चहा सोडत नाही.

३

मग माझा संशय आईंवर गेला. दुसरं होतं कोण घरात? तोंडाने झाडांना शिव्या द्यायच्या आणि मागून पाणी घालायचं, हे अगदी त्यांच्या स्वभावातलं. रागावलेल्या असल्या तरी माझ्या ताटात तूप वाढणारी बाई ती. माझी आई गेली तेव्हा याच बाईने मला पुढ्यात बसवून घास भरवले होते, आणि वर म्हणाल्या होत्या, की इतकं रडून राह्यली, आता मीठ कमी टाकलं तरी चालते भाजीत. त्यांच्यावर माझा जीव होता. पण जीव असला म्हणून दमेकरी माणसाने ओलसर खोलीत शिरावं का? डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की यांना सादळलेली हवा नको.

"आई, तुम्ही त्या खोलीत जाऊ नका म्हटलं ना? कुंड्यांना पाणी मी घालीन."

त्यांनी तांदूळ निवडायचे थांबवले. "मी? मी त्या खोलीचा उंबरठा तरी वलांडते का?"

"मग पानं ओली कशी असतात?"

"आता मलेच इचार! दुपारभर तूच तं तिथी फुसफुस करत असते. मले डोया लावू देत नाई."

"दुपारी? दुपारी मी मागच्या खोलीत झोपलेली असते, आई. सुट्ट्या लागल्यापासून रोज झोपते."

"मंग कोन करते फुसफुस?"

"तुमच्या कानाला भास होत असेल."

"दमा छातीले हाय वो माह्या," आई म्हणाल्या, "कानाले नाई झाला अजून."

एवढं बोलूनच त्यांना धाप लागली. मी इनहेलर आणून दिला. त्यांनी तो तोंडात धरून दाबला. फुस. मग दम धरून माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मान हलवली.

"असा नाई," त्या म्हणाल्या. "थो आवाज याच्यापरीस लांब असते."

४

विज्ञान शिकवणाऱ्या बाईने काय करावं? प्रयोग करावा. मी फवाऱ्याची बाटली धुऊन धान्याच्या कोठीत ठेवली, कूलरचं बटण बंद करून खिडकीवर प्लास्टिक बांधलं, पाणी घालणं थांबवलं आणि मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं. मनात म्हटलं, मरा. माझ्याही डोक्याचा ताप जाईल आणि आईंच्या छातीचाही.

मेले नाहीत. उलट फुलले. मरतुकड्या कुंडीतून नवे कोंब आले, गोगलगाईसारखे गुंडाळलेले. त्यांच्याही पोटाखाली थेंब. माती मात्र कोरडी. मी बोट खुपसून पाहिलं, नखात नुसती धूळ आली. पाणी मुळांतून जात नव्हतं, पानांपर्यंत कुणीतरी ते आणून देत होतं.

मी स्वतःला समजावलं. कोंदट खोली, बंद दार, दिवसरात्रीच्या तापमानातला फरक, पानांचं बाष्पोत्सर्जन. चार गुणांचं उत्तर मनात तयार झालं. फळ्यावर लिहिलं असतं तर पोरांनी उतरूनही घेतलं असतं.

त्या दुपारी मी झोपले नाही. मलकापुरातली मेमधली दुपार ज्याने पाहिली त्याला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, दुकानदार शटर अर्धं ओढून आत आडवे झालेले असतात, फक्त स्टेशनाकडून एखादी मालगाडी रखडत गेल्याचा आवाज. आई पुढच्या खोलीत घोरत होत्या. मी मधल्या खोलीच्या दाराबाहेर पाट टाकून बसले होते, आणि आपण किती मूर्ख दिसत असू या विचाराने चिडले होते.

फुस.

लांब आवाज होता. आई म्हणाल्या तसाच. बाटलीचा फवारा तुटक असतो. हा आतून निघून संपेपर्यंत चाललेला होता.

मी दार बोटभर उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. दाराच्या समोरच कपाट, कपाटाला आरसा. त्या आरशावर वाफेचा एक गोल उमटला. आरशाशी तोंड नेऊन श्वास सोडला की उमटतो, तसा. तो विरला आणि पुन्हा उमटला. माझ्या डोक्याच्या बराच वर, कपाटाच्या माथ्याजवळ. तिसरा उमटला तो थोडा खाली. चौथा आणखी खाली. जे काही होतं ते वाकत होतं.

मग मोठ्या कुंडीची पानं हलली. वाऱ्याने हलतात तशी नाही. खालून, हनुवटीला हात लावून लेकराचं तोंड वर करावं, तशी ती अलगद उचलली गेली. फुस. पानं खाली आली तेव्हा ओली होती. मग तिच्याशेजारची बुटकी. मग कान तुटलेली. मी रोज ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने. शेवटी कोपऱ्यातली मरतुकडी.

तिला एक जास्त.

त्यानंतर काहीच झालं नाही. पानं स्थिर, आरसा स्वच्छ. आणि माझ्या हनुवटीखाली काहीतरी कोमट, ओलं लागलं. मी दार लावलं. कडी घातली. किती तरी वेळ पदराने गळा पुसत स्वयंपाकघरात उभी राहिले.

५

शनिवारी चंद्रशेखर आले. पिशवीही खाली ठेवू न देता मी म्हटलं, "या कुंड्या आत्ताच्या आत्ता गच्चीवर न्यायच्या."

"काऊन? काय झालं?"

"आईंच्या दम्याला ओल चालत नाही."

"मी हेच तं दोन उन्हाय्यापासून सांगून राह्यलो," ते म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या सरसावल्या. ज्या कामाला हा माणूस एरवी चार वेळा हाक मारल्याशिवाय उठत नाही, ते त्याने तेव्हा एका दमात केलं. बायकोची चूक तिच्याच तोंडून कबूल झाली की नवऱ्यांना बळ येतं.

कुंड्या उन्हात ठेवल्या. घाटावरून आणलेला तो गड्डा, त्याची ही सगळी पिलावळ. मी पाहत बसले. आधी पानं माना टाकतात, मग कडा तपकिरी होतात, मग ती आत वळतात. जेवणं उरकून वर आले तर सगळं संपलं होतं. एक पान चोळलं, त्याची चहापत्ती झाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मोकळं वाटलं.

मधली खोली उघडली. भट्टीसारखी तापलेली होती, जशी मलकापुरातली खोली तापायला हवी. आरसा पुसून घेतला. आईंनी दारातून डोकावून हात जोडले.

"सुटली बाई एकदाची," त्या म्हणाल्या. मला की खोलीला, ते काही सांगितलं नाही.

त्या रविवारी घरात कुठलाही आवाज आला नाही. आई दुपारभर गाढ झोपल्या आणि मीसुद्धा.

६

चंद्रशेखर जळगाव जामोदला परत गेले आणि दुपारी आई झोपेतून उठल्या त्या चिडूनच.

"काऊन वो, माह्या अंगावर पानी कायले शिपडलं?"

"मी कशाला शिंपडू?"

"पाह्य ना मंग!"

मी पाहिलं. कपाळ कोरडं होतं. गाल कोरडे. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या वळ्यांत, कानाच्या पाळीमागे थेंब लोंबत होते. हात पालथे कोरडे आणि तळव्यांना पाणी. उशी खालून भिजलेली, वरून नाही.

घाम आहे, मी म्हटलं. मे महिना आहे, घाम येणारच. पण घाम खारट असतो, आणि मी तो पुसून बोट जिभेला लावलं होतं. शिळ्या पाण्याची चव होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसले. पंखा बंद केला. त्यांना डोळा लागला आणि थोड्या वेळाने त्यांच्या मानेवरचे विरळ पांढरे केस खालून अलगद उचलले गेले, वेगळे झाले, आणि पुन्हा बसले. फुस. मी हाताने वारलं, ओरडले, चादर झटकली. आई दचकून जाग्या झाल्या. त्यांची छाती शिट्टी वाजवत होती.

"काय झालं वो? साप निंगाला का?"

काय सांगणार होते मी? की आई, ज्याची झाडं मी उन्हात घालून मारली, त्याला आता हाताला काम नाही? की घरात सगळ्यात नाजूक जीव कोणता, ते त्याने पाहून ठेवलं आहे?

त्या आठवड्यात दमा असा उसळला, की त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मला वाटलं, बरं झालं, घर तरी सुटलं. तिथे वाफ दिली, सलाईन लावलं, त्या जरा शांत झाल्या. दुपारी नर्सबाई माझ्यावर तडकल्या.

"पेशंटच्या अंगावर ओले कपडे ठेवू नका म्हणून किती वेळा सांगायचं? मान पाहा त्यांची. इतकी ओल पेशंटला चालते का?"

मी पलंगाकडे गेले. आईंच्या खिडकीच्या काचेवर, वरच्या कोपऱ्यात, वाफेचा गोल नुकता विरत होता.

डॉक्टर म्हणाले, छातीत ओल धरली आहे, आणखी एक असा झटका यांना झेपणार नाही. घरी नेलं तरी चालेल, पण जपा. मी मान हलवली. जपण्याने काय होतं, ते मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

७

घरी आल्याबरोबर मी गच्चीवर धावले. कुंड्यांमध्ये काळ्या काड्या उभ्या होत्या, नुसत्या. हंसराजाचं एक बरं असतं, वरून मेला तरी मातीतला गड्डा कधी कधी तग धरतो. एकेक कुंडी उकरत गेले. मोठी गेली होती. बुटकी गेली होती. कान तुटलेल्या कुंडीत तर गड्ड्याची राख झालेली. मरतुकडीत खाली, बुडाशी, जिवंत गाठ हाताला लागली.

मी ती कुंडी पदराखाली झाकून मधल्या खोलीत आणली. जन्मात कुणाकडून पाणी मागितलं नाही, पण त्या दिवशी घरात शिळं पाणी उरलं नव्हतं, म्हणून शेजारच्या शालूबाईंकडून तांब्याभर शिळं पाणी मागून आणलं. रोज लपूनछपून फवारायची. तिकडे आईंच्या खोलीत दुपारी फुस व्हायचं, त्या भिजून उठायच्या, छाती घरघरायची, आणि मी दुसऱ्या खोलीत मातीवर डोळे लावून बसायची. ये बाबा, ये. माझ्या बारावीच्या निकालाचीसुद्धा मी एवढी वाट पाहिली नव्हती.

आणि कोंब आला. मिरीएवढा, गुंडाळलेला. त्या दुपारी आईंच्या खोलीत आवाज झाला नाही. मी त्यांच्या गळ्याखाली हात लावला, कोरडा. मधल्या खोलीत येऊन कोंबाखाली बोट लावलं. ओला! मला आनंदाने रडू आलं.

"घसा लय सुकला वो," आई उठून म्हणाल्या. "पानी दे." इतकं गोड वाक्य मी कधी ऐकलं नाही. संध्याकाळी त्या भिंतीला धरून घरभर फिरल्या. मग शनिवारही चांगला गेला.

रविवारी दुपारी मी कुंडीपुढे बसले होते, तेव्हा दारात सावली पडली. आई उभ्या होत्या. त्यांनी कुंडी पाहिली, बाटली पाहिली, मग मला पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

"डॉक्टरनं ओल नको म्हनलं ना वो," त्या हळूच म्हणाल्या. "तरी आनली? माह्या जिवापरीस झाड प्यारं हाय का तुले?"

"नाही हो आई! तुमच्यासाठीच आहे हे!"

"माह्यासाठी." त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. मी इतक्या वर्षांत त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आवाज ऐकून चंद्रशेखर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. आरसा, क्रम, मानेवरचे केस, दवाखान्याची काच. एका श्वासात, एकावर एक. माझं मलाच ऐकू येत होतं, की हे कसं वाटतंय.

"तू सायन्सची मॅडम हाय ना?" ते म्हणाले. "माही माय मरता मरता वाचली. अन् तू तिच्या बाजूच्या खोलीत चोरून चिखल करून राह्यली?"

"अहो, हात लावू नका. पाया पडते. ती कुंडी..."

त्यांनी कुंडी उचलली, पुढच्या खोलीत गेले, खिडकीचा पल्ला ढकलला आणि ती रस्त्यावर भिरकावली. फुटल्याचा आवाज आला. मग ते आईंना धरून पलंगापाशी घेऊन आले, निजवलं, पांघरूण सारखं केलं आणि उशाशी बसून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले. चांगला मुलगा आहे तो. त्या क्षणीसुद्धा मला तसंच वाटलं.

घर शांत होतं. मी भिंतीला टेकून आईंच्या छातीकडे पाहत होते. वर, खाली. वर, खाली.

चंद्रशेखरचा हात थांबला.

"आई, पानी पेली का तू?"

"नाई रे."

"मंग मान कशी ओली तुही?" त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. तो रुमालाला पुसला. पुन्हा मानेला लावला.

मी अनवाणी धावले. रस्ता तव्यासारखा तापला होता. कुंडीचे तुकडे चारी दिशांना उडालेले, माती सांडून आत्ताच पांढरी पडत चाललेली. गुडघ्यांवर बसून मी ती चाळली, दोन्ही हातांनी, शालूबाई दारातून "काय हरपलं वो, समता?" विचारत असताना. गाठ सापडली. तिच्यावर तो कोंब, एका बाजूने चेमटलेला.

जवळ पाणी नव्हतं. मी तो ओंजळीत घेतला, उन्हाकडे पाठ केली आणि तोंड अगदी खाली नेलं. खालून. पोटातून निघून संपेपर्यंत लांब श्वास सोडला.

फुस.

मागे खिडकीतून आईंची घरघर ऐकू यायला लागली होती. चंद्रशेखर माझ्या नावाने हाका मारत होते, आता रागाने नाही. मी कोंब उलटून पाहिला. त्याच्या पोटाखाली काहीच लोंबत नव्हतं. माझा श्वास कोरडा होता.

मी पुन्हा तोंड नेलं आणि त्याला एक जास्त दिला.